खाचेतली शीळ

तबकडी फिरू लागली, सुई अलगद खाचेत उतरली आणि पहिल्याच फेरीत तिनं उडी मारली. केतकीने पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. सुई धरणारी दांडी आधी वरखाली डोलायची, मग डोलणं वाढत जायचं आणि सुई खाच सोडून बाहेर पडायची. मधूनमधून कानावर येई ती नुसती घुरघुर.

सुई नवी होती. तबकडी वाजवायचं यंत्र साठ-सत्तर वर्षं जुनं असलं तरी चिमट्याने त्याचा एकेक भाग पुसून, तेल घालून ठेवला होता. मग अडत कुठे होतं?

चिमटा म्हणजे केंद्रातला यंत्रमानव. केसाएवढी तारही धरता येईल अशी त्याची बोटं होती, म्हणून केतकीनेच त्याला हे नाव दिलं होतं. केंद्र होतं आंबोलीजवळच्या डोंगरात. दरीतून जवळजवळ नाहीशा झालेल्या पक्ष्यांची पिल्लं तिथे वाढवून पुन्हा रानात सोडत. या वर्षी शीळकरी कस्तुराची सहा पिल्लं होती. अंगावर निळी झाक असलेला हा पक्षी पहाटे माणसासारखी शीळ घालतो. पण ती शीळ त्याला जन्मतः येत नाही. आपली मुलं बोलायला शिकतात तशी पिल्लं मोठ्यांचं ऐकून ती शिकतात, आणि तेही अगदी कोवळ्या वयातच. या पिल्लांना ऐकवायला मोठं कोणी नव्हतं.

प्रत्येक दरीतल्या कस्तुरांची शीळ थोडी वेगळी असते. गेल्या वर्षी केंद्रप्रमुख परबकाकांनी पिल्लांना लांबच्या डोंगरातली शीळ ऐकवली होती. ती पिल्लं रानात गेली, गायली, पण दरीत उरलेल्या कस्तुरांपैकी एकानेही त्यांना ओ दिली नाही. या दरीची खरी शीळ उरली होती ती एका जुन्या तबकडीवर. कुण्या हौशी माणसाने फार पूर्वी ती रानात बसून टिपली होती. तबकडी एकुलती एक, आणि उन्हात राहून कडेला थोडी वाकलेली. लेझरने वाचणारं यंत्र मागवायचं तर दोन-तीन महिने गेले असते, आणि तोवर पिल्लांचं शिकायचं वय सरलं असतं. परबकाकांनी सांगून टाकलं होतं, की आज जमलं नाही तर उद्यापासून नाइलाजाने परकीच शीळ लावावी लागेल.

केतकीच्या आजीचं, डॉ. सुनंदा गवस यांचं, सगळं आयुष्य पुलांची थरथर मोजण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर त्या केंद्रातली यंत्रं सांभाळत. बारा वर्षांची केतकी सुट्टीत त्यांच्याकडे आली होती.

सुई उडते तर तिच्यावरचा भार वाढवू, असं चिमट्याने सुचवलं. आजीने मान हलवली. जास्त भाराने खाच खरवडली गेली तर शीळ कायमची पुसली जाईल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती तबकडी जपून बाजूला ठेवली आणि तशीच वाकलेली दुसरी एक लावली. ती शाळेच्या कवायतीच्या बँडची होती, बिघडली तरी चालण्यासारखी. सुई तिच्यावरही उडाली.

आजीने कपाटातून इलॅस्टिकचा तुकडा काढला, त्याला एक कुलूप बांधलं आणि केतकीच्या हातात दिलं. हात अगदी सावकाश वरखाली कर, म्हणाल्या. कुलूप हाताबरोबर मुकाट्याने वरखाली झालं. आता भराभर हलव, म्हणाल्या. केतकीने हात थरथरवला. इलॅस्टिक ताणत-आकसत राहिलं, कुलूप मात्र जागच्या जागी उभं.

"आता मधल्या वेगाने."

केतकीने वेग कमी केला आणि एका क्षणी कुलूप असं काही उसळलं की तिच्या नाकाला लागता लागता राहिलं. हात तर जेमतेम दोन बोटं हलत होता.

आजीने समजावलं. लवचीक गोष्टीला वजन टांगलं, की त्या जोडीचा स्वतःचा एक ताल ठरतो. बाहेरून नेमक्या त्याच तालात धक्के मिळाले की डोलणं वाढत जातं. याला म्हणतात अनुनाद (आपल्याच तालातले धक्के मिळून वस्तू प्रमाणाबाहेर हलू लागणं). पुलांचे अभियंते त्याला फार जपून असतात.

केतकी यंत्राकडे टक लावून बघत राहिली. टोनआर्म (सुई तोलून धरणारी दांडी) आणि तिच्या टोकाला कार्ट्रिज (सुईच्या थरथरीची वीज करणारी छोटी डबी). आजीने भिंग दिलं. डबीत सुई रबराच्या इवल्याशा तुकड्यावर बसवलेली होती.

"म्हणजे हे रबर म्हणजे इलॅस्टिक," केतकी सावकाश म्हणाली, "दांडी म्हणजे कुलूप, आणि तबकडी म्हणजे माझा हात."

"मग तबकडी दांडीला कसकशी हलवते?"

केतकीने विचार केला. तबकडीच्या बाकामुळे बसणारे हेलकावे संथ, सेकंदाला पाच-सहाच्या आतले. तेव्हा दांडीने सुईबरोबर मुकाट्याने वरखाली व्हायला हवं. गाण्याची थरथर फार जलद, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. तेव्हा दांडीने स्तब्ध राहायला हवं, म्हणजे फक्त सुई हलेल आणि गाणं नीट उमटेल. दांडीचा स्वतःचा ताल या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत पडला पाहिजे. माणसाला ऐकूच येतं ते सेकंदाला विसाच्या पुढचं, म्हणजे आठ-दहाच्या आसपास तो सुखाने राहील.

चिमट्याने थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली, दांडीला हलकेच टिचकी मारली आणि तिचं डोलणं मोजलं. सेकंदाला पाच, तो म्हणाला. नेमका हेलकाव्यांचाच ताल.

"म्हणजे ही सुई वाईट आहे?" केतकीने विचारलं.

"सुई उत्तम आहे, दांडीही उत्तम आहे," आजी म्हणाल्या. "जुन्या सुयांचं रबर ताठ असायचं, त्यांना जड दांडीच लागायची. हिचं रबर मऊ. दोघींची जोडी जमत नाही, एवढंच."

ताठ रबराची सुई आता मिळणार नव्हती. केतकीने कुलूप सोडून इलॅस्टिकला नुसती किल्ली बांधली. किल्लीचा ताल कितीतरी जलद. वजन घटवलं की ताल वाढतो, हे तिला उमगलं, आणि दांडीच्या मागच्या टोकाचं तोलवजन काढायला तिने हात पुढे केला.

आजीने तिला थांबवून छत्री दिली. कुलूप आधी मुठीजवळ अडकवून छत्री हलवायला लावली, मग टोकाला. मुठीजवळ त्याचा भार जाणवलाही नाही. टोकाशी मात्र मनगट भरून आलं. केतकी हसली. तोलवजन दांडी जिच्यावर फिरते त्या खिळीजवळ होतं, ते काढून फारसं काही साधणार नव्हतं. खिळीपासून सर्वांत लांब होतं ते दांडीचं डोकं. जिच्यावर कार्ट्रिज बसते ती जाड पितळेची पट्टी!

"चिमट्या, एवढीच पट्टी बांबूची करता येईल?"

चिमट्याने अंगणातल्या बांबूची एक कांब आणली आणि केतकीने आखून दिलेल्या मापाने तासली. पितळेच्या पट्टीपुढे ती पिसासारखी वाटत होती. त्याने कार्ट्रिज तिच्यावर बसवली, चार नाजूक तारा जोडल्या. पुढचं टोक हलकं झालं म्हणून केतकीने तोलवजन खिळीकडे सरकवत दांडी आडवी तोलून घेतली, मग सुईवर हवा तेवढाच भार दिला.

चिमट्याने टिचकी मारली. सेकंदाला आठाच्या थोडं वर, तो म्हणाला.

कवायतीचा बँड सुरू झाला. वाकलेली कड आली, दांडी होडीसारखी वर चढली, खाली उतरली आणि ढोलाचा एकही ठोका चुकला नाही. आजीने खरी तबकडी काढून केतकीच्या हातात दिली. सुई तूच ठेव, असं त्या म्हणाल्या.

केतकीने दांडी उचलून तबकडीच्या कडेवर आणली. सुई टेकली. थोडी खरखर, झऱ्याचं पाणी, आणि त्या पाण्यावरून लांबलचक, वळणं घेणारी, स्वच्छ शीळ. सुई शेवटच्या खाचेपर्यंत गेली आणि एकदाही उडाली नाही. दारात उभे असलेले परबकाका चष्मा पुसत राहिले. चिमट्याने प्रत्येक सूर साठवून घेतला होता, आता तबकडीला पुन्हा हात लावायची गरज नव्हती.

संध्याकाळी पिल्लांच्या जाळीघरात ती शीळ लावली, तेव्हा सहाही पिल्लं खाणं सोडून स्तब्ध झाली. काही दिवस ती नुसती ऐकत राहिली. मग एक अडखळत पुटपुटू लागलं, मग दुसरं. केतकी पुढच्या सुट्टीत परतली तेव्हा पिल्लं पुरी शीळ घालत होती.

त्याच सुट्टीत एका पहाटे परबकाकांनी जाळीघराचं दार उघडलं. पहिला कस्तुर कड्यावरच्या दगडावर जाऊन बसला, त्याने मान उंचावली आणि शीळ घातली. दरी गप्प होती. त्याने पुन्हा घातली.

आणि खाली धुक्यातून, ओढ्याच्या पलीकडून, कुणीतरी तीच शीळ तशीच वळणं घेत परत घातली. कस्तुराने पंख उघडले आणि त्या आवाजाच्या दिशेने दरीत झेप घेतली. मागून बाकीचे पाचही.