हताओला घरी आणताना

पहिली खटकलेली गोष्ट तशी साधीच होती. चिनी नववर्षाला घरी निघालेल्या माणसांनी गाडी फुटायला आली होती, संडासाच्या दारापर्यंत लोक बोचक्यांवर बसले होते, आणि एलिनच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. कोणी बसत नव्हतं. बसू का, म्हणून विचारतही नव्हतं.

"तुम्ही म्हणाल, त्या जागेचं तिकीट काढलेलं होतं," लुओकाका शेगडीतले कोळसे सारखे करत म्हणाले. "होतं की. पण सणाच्या गाडीत तिकीट कोण बघतो? वीतभर फळी मोकळी दिसली की आमचा माणूस बूड टेकवणारच."

शाळेच्या फाटकावरच्या त्यांच्या पहाऱ्याच्या खोलीत तिघी नव्या शिक्षिका पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. तिघी परदेशातून इंग्रजी शिकवायला आलेल्या, आणि सुट्टीत कुठे कुठे भटकायचं याचे बेत सकाळपासून चाललेले. एकीने हसत विचारलं, काका, आम्हाला घाबरवून सुट्टीभर इथेच बसवायचा विचार आहे की काय? काका हसले नाहीत. भटका, म्हणाले. फक्त पोरांना काही कबूल करू नका.

एलिन या तिघींच्या चार वर्षं आधी आलेली. वेल्समधली. सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून निघायची आणि परतली की वर्गातल्या नकाशावर जाऊन आलेल्या गावी टाचणी टोचायची. उत्तरेतलं बर्फाचं शहर, पश्चिमेचं वाळवंट, समुद्र. तिसरीतली हताओ मात्र रोज एकाच ठिकाणी बोट ठेवायची. हताओ म्हणजे अक्रोड. आजीने लाडाने ठेवलेलं घरचं नाव. बोट असायचं ग्वांगझोऊवर. आई तिथे बुटांच्या कारखान्यात होती आणि तीन नववर्षं गावाकडे फिरकली नव्हती. एक दिवस एलिन बोलून गेली, या सुट्टीत नेते तुला. आणि बोलली तसं तिने नेलंही.

आई स्टेशनवर येणार होती. आली नाही. दोन तास वाट पाहून एलिनने फोन लावला तेव्हा ती दबक्या आवाजात बोलली. मी दुसरं लग्न केलंय, बाई. मला मुलगी आहे हे इथे कोणाला ठाऊक नाही. परत न्या तिला, पाया पडते.

एलिन पाठ वळवून फोनवर तिच्याशी भांडत राहिली, आणि तेवढ्यात गर्दीत हताओला एका लाल कोटातल्या बाईची पाठ दिसली. पोरगी धावली. सापडली ती तासाभराने, एका खांबाला टेकून उभी. रडत नव्हती.  घरी आणल्यावर अंगात ताप भरला. डोळे उघडे, पण नजर कशावर ठरत नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा सलाईन लावलं, सुया टोचल्या, ताप हटेना.

आजीने नातीचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही नुसतं अंग आणलंत. पोर तिथेच उभी आहे."

असा जीव मागे राहिला तर ज्याच्या हातून राहिला त्याने किंवा आईने जाऊन तो हाका मारत आणायचा असतो. मुलाचं जाकीट हातावर घ्यायचं. पूल आला, वळण आलं, की नाव घेऊन सांगायचं. मागे वळून बघायचं नाही. दाराशी येऊन विचारायचं, आलीस का? आणि मुलाच्या वतीने घरातून कोणीतरी म्हणायचं, आले. मग जीव उंबरा ओलांडतो. आई काही केल्या येणार नाही, हे आजीला सांगायची एलिनची छाती झाली नाही. मीच जाते, एवढंच ती म्हणाली.

ग्वांगझोऊ स्टेशनातल्या त्या खांबाशी ती हताओचं जाकीट घेऊन उभी राहिली. हाक मारली. पुन्हा मारली. लोक बघत होते. काही घडलं नाही. शेवटी तिला सुचलं ते ती बोलली.

"हताओ, चल. आई घरी आलीय."

परतताना तिने दोन तिकिटं काढली. आणि मग ती गाडी, ती रिकामी जागा... संध्याकाळी समोरच्या म्हातारीने संत्रं सोललं. अर्धं एलिनच्या हातावर ठेवलं आणि अर्धं त्या रिकाम्या जागेपुढे. "लेक तुझ्यावर गेली नाही गं," म्हणाली, "पण गुणाची आहे. केव्हाची खिडकीबाहेर बघत बसलीय."

एलिनला भीती वाटायला हवी होती. तिला हुंदका आला, आनंदाचा. आपलं काम झालं असं वाटलं तिला.

चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्यातली चोविसावी रात्र होती, चुलीच्या देवाला निरोप देतात ती. साडेअकराला गाडी लागली. लुओकाका तीनचाकी घेऊन स्टेशनावर गेले होते. गावाबाहेरच्या पुलापर्यंत त्यांनी तिला सोडलं. पुढची वाट चालतच जायची असते.

"हताओ, पूल आलाय. जपून ये."

चंद्र नव्हता. कुत्रीही गप्प होती.

"हताओ, वळण आलंय."

मागे पावलं... होती की नव्हती, तिला सांगता येईना. तिने मान वळवली नाही. हातावरचं जाकीट मात्र आता गार लागत नव्हतं.

घरात दिवा होता. आजी उंबऱ्यावर बसली होती. दाराला दोन फळ्या असायच्या. आज एकच होती.

काका थांबले. 

"आमच्याकडे घरात माणूस गेलं," ते हळूच म्हणाले, "की दाराची एक फळी काढतात. निजवायला."

हताओ संध्याकाळीच गेली होती. एलिनला ते कुठून कळणार? तिला दिसली फक्त आजी. दार मोडलं असेल, तिला वाटलं. ती अंगणात उभी राहिली आणि नियमाप्रमाणे विचारलं.

"हताओ, आलीस का?"

आजीने तोंडावर हात दाबला. 

"हताओ... आलीस का?"

आत दिव्याची वात फडफडली. आजीने नुसती मान हलवली. नाही. नाही.

तेव्हा एलिनला ती फळी दिसली, आतल्या खोलीत, दोन बाकांवर. फळीवरचे पाय दिसले. लहान होते.

 तरी तिने तिसऱ्यांदा विचारलं. फक्त ओठ हलले.

"आलीस का...?"

घरातून काहीच नाही.

मग पाठीमागून, अगदी कोपराजवळून, धावत आल्यासारखा दम लागलेला आवाज.

"आले, बाई. आई कुठंय?"