सत्तावीस नंबरचे गाव

भुजंग प्रेसखाली चिरडला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नूरबी दुर्गाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. दिलेले पाणी तिने बाजूला ठेवले.

दुर्गाबाईंनी भोकरदनच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षे लोकांची बोलणी जोडून दिली होती. निवृत्तीनंतर त्या लोकांची खोटी बोलणी तोडत. शेजारचे अप्पाराव मास्तर सोबतीला असत. त्यांचा संशय आजवर एकदाही योग्य माणसावर गेला नव्हता.

हकिगत थोडक्यात अशी. केदारखेड्याच्या रस्त्यावरल्या कापसाच्या जिनिंगमध्ये भुजंग गठाणी दाबायच्या प्रेसखालच्या खड्ड्यात उतरला होता. ऑपरेटर तातेरावला वायरलेसवर निरोप आला, "खड्डा मोकळा हाय, जल्दी चालू कर." त्याने कळ दाबली. सेटच्या पडद्यावर नंबर होता सत्तावीस. सत्तावीस म्हणजे फिटर महेबूब, नूरबीचा मुलगा. महेबूब म्हणत होता की त्याचा सेट तेव्हा चार्जरवर होता.

"चार वाजता फौजदार त्याला जिनिंगमधून नेणार," नूरबी म्हणाली. "गेटापासून पोलिसांच्या गाडीपर्यंत पन्नास पावलं हायेत, बाई. मधे भुजंगचे भाऊबंद काठ्या घेऊन बसलेत. मागचं दार मालकानं औंदा विटांनी बुजवलं."

अप्पाराव हळूच म्हणाले, की नंबर तर मुलाचाच होता. दुर्गाबाई उठल्या आणि दोघांना घेऊन जिनिंगकडे निघाल्या.

जिनिंग बंद होते. भिंतीवर सेट ओळीने टांगलेले होते आणि त्यांना कोणी हात लावत नव्हते. तातेरावने आपल्या सेटवर टॉवेल टाकला होता, प्रेतावर टाकावा तसा.

"नंबर नीट पाहिला होता?" दुर्गाबाईंनी विचारले.

"बराबर पाह्यला, बाई. आकडे सरकत गेले आन् शेवटाला सत्तावीस थांबलं. इथं कुणी कुणाला नावानं हाक मारत न्हाई. सत्तावीस म्हन्लं की महेबूब. आवाज मशीनच्या गोंगाटात कुनाचा वळखू येतो?"

भुजंग खड्ड्यात का उतरला, तेही त्याने सांगितले. खड्ड्याचे दार उघडताच प्रेस आपोआप थांबवणारी सुरक्षेची जाळी मालकांनी कामाचा खोळंबा होतो म्हणून काढून टाकली होती. भुजंग सोमवारी सरकारी तपासनिसाला ती रिकामी जागा दाखवणार होता. माप घ्यायला तो मालकांना सांगूनच उतरला होता. परवानगीशिवाय उतरायची सोय नव्हती. नियमांवर मालकांची अशी निष्ठा होती.

भिंतीवरचा कागद अप्पारावांनी कंटाळत वाचला. "आपल्या गटात बोलताना शेवटचे दोन आकडे. दुसऱ्या गटाशी बोलताना पूर्ण नऊ. पडद्यावर नंबरही तसाच दिसेल. पहिले तीन आकडे सगळ्यांना २१०. गट ४५०१, जिनिंग. गट ४५०२, ट्रान्सपोर्ट." मग ते म्हणाले, "यात काय आहे?"

मालक काकासाहेब यांची जीप आवारात उभी होती. पाटीवर २७.

"आपलं सगळं सत्तावीस," ते समाधानाने म्हणाले. "गाडी, फोन, सेट, समदं. जीप ट्रान्सपोर्टच्या नावावर हाय, पन किल्ली आपल्याच खिशात. काल दुपारभर मी तिच्यातच होतो. आतल्या सेटला मी कुणाला शिवू देत न्हाई."

चार वाजले. फौजदार आले. गेटाबाहेर भुजंगचे भाऊबंद काठ्या घेऊन उठले. आत महेबूब उभा राहिला.

"पाच मिनिटं," दुर्गाबाई फौजदारांना म्हणाल्या. "मास्तर, केदारखेड्याचा माणूस केदारखेड्यात आपलं गाव सांगतो का?"

"कशाला सांगेल? गाव परक्यानं सांगायचं."

"या नंबरांचंही तसंच. पहिले तीन आकडे जिल्ह्यासारखे, मधले चार गावासारखे, शेवटचे दोन घरासारखे. तातेराव, महेबूबला सेटवरून बोलवा."

तातेरावने टॉवेल काढला, दोनच आकडे दाबले. भिंतीवरचा एक सेट किणकिणला. महेबूबने तो घेऊन उलट कॉल केला. तातेरावच्या पडद्यावर २७ उमटले आणि जागच्या जागी राहिले.

"सरकलं न्हाई," तातेराव पुटपुटला.

"दोन आकडे सरकतील कशाला? पडद्यात मावत नाही तेच सरकतं. काल तुम्हाला पूर्ण नंबर दिसला. म्हणजे बोलणारा परगावचा, दुसऱ्या गटाचा. तुम्ही घर वाचलंत, गाव नाही. तुम्ही तेवढंच वाचणार, हे त्याला ठाऊक होतं. आता नऊ आकडे दाबा. दोनशे दहा, पंचेचाळीस शून्य दोन, सत्तावीस."

तातेरावने एकेक आकडा मोजत दाबला.

आवारात, बंद जीपमध्ये, सेट वाजू लागला. किल्ली काकासाहेबांच्या खिशातच होती. त्यांनी ती काढली नाही.

"भुजंग खड्ड्यात आहे, हे यांना माहीत होतं," दुर्गाबाई म्हणाल्या. "सेटला यांच्याशिवाय कोणी शिवत नाही, हे यांचेच शब्द. आणि वायरलेसच्या टॉवरवाल्यांच्या यंत्रात प्रत्येक कॉल पूर्ण नंबरानं नोंदलेला असतो. फौजदारसाहेब, त्या नोंदीचा कागद आजच मागवा."

गेटाच्या गजांतून भाऊबंदांनी सारे ऐकले होते. आधी महेबूब बाहेर पडला, आईचा हात धरून. त्या पन्नास पावलांत एकही काठी हलली नाही. सगळे त्याच्या मागे, काकासाहेबांकडे पाहत होते.

काकासाहेबांनी फौजदारांची बाही धरली. त्यांचा आवाज कोणालाही ओळखू आला नसता.

"साहेब, मला मागच्या दारानं न्या."

"मागचं दार?" फौजदार म्हणाले. "कुठंय?"