जुना कागद गोप-दानचा

बसा, दिवा इकडे ओढून घ्या. वीज गेली की मी दुकानात आलेल्याला कागद विकत नाही, गप्पा मारतो. अंधारात कागद विकला की गिऱ्हाईक सकाळी भांडायला येतं, आणि तेही बरोबरच असतं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कागदाची पारख कानाने शिकलो. तुतीच्या सालीचा चांगला कागद हलवला की कोवळ्या बर्फावर पाय पडल्यासारखा आवाज येतो. भेसळीचा कागद वाळक्या पानासारखा कुरकुरतो. हे दुकान झालं अलीकडे. त्याआधी कागदाच्या गुंडाळ्या पाठीवर बांधून मी जिनआनच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्या फिरत असे. चूसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाआधी आभाळ निवळलं, ऊन पडलं, की घरोघरी दारांच्या लाकडी जाळीवरचा कागद बदलतात. त्या दिवसांत माझी चंगळ. एका घरी जेवण, दुसऱ्या घरी पर्सिमॉनची फळं, तिसऱ्या घरी शिव्या. शिव्या अर्थातच भावावरून.

ओक-बुन आक्काच्या घरी तिन्ही मिळत.

तिचं घर वाडीच्या वरच्या टोकाला. नवरा कधीचाच गेलेला. मुलगा गी-तेक थेबेकच्या कोळशाच्या खाणीत कामाला. घरात आक्का आणि तिची सून मल-रे, दोघीच. त्या वर्षी मी गेलो तेव्हा मल-रेला सातवा महिना होता. अंगणात चटयांवर लाल मिरच्या वाळत होत्या, त्यांचा ठसका घशाला लागत होता. चुलीवर पिठाची खळ रटरटत होती. मल-रे एका हाताने पोट सावरत दुसऱ्या हाताने खळ घोटत होती.

"या कागदवाले भाऊ," आक्का म्हणाली. "यंदा लुटायला उशीर केलात."

"तुम्हाला लुटायला दोन माणसं लागतात आक्का, मी एकटा आलोय."

ती हसली नाही. एरवी हसत असे. "सगळ्यात जाड कागद दाखवा. दुहेरी लावायचाय."

"जाड कागद लावाल तर खोलीत उजेड येणार नाही. बाळंतिणीच्या खोलीला..."

"उजेड नको. जाड पाहिजे."

मी मल-रेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि खळ जोरात घोटायला लागली.

आक्का मागच्या दारी पाणी आणायला गेली तेव्हा तिने हळूच सांगितलं. "काका, आतल्या खोलीच्या दाराला दरवर्षी भोक पडतं. नवा कागद लावला की दुसऱ्या दिवशी सकाळी. बोटाएवढं, इथं..." तिने आपल्या कमरेच्या जरा खाली हात धरला. "आतून बाहेर पाडलेलं. खोलीत कुणी नसताना. दोन हिवाळ्यांमागे माझं बाळ त्याच खोलीत गेलं, पोटातच. आई म्हणतात, जे कोणी भोक पाडतं, त्यानेच नेलं. यंदा भोक पडलं तर मला या घरात बाळंत होऊ देणार नाहीत. माहेरी जा म्हणतात."

"मग जा की. त्यात काय?"

"माहेरी कोण आहे काका? आई गेली. वडिलांनी दुसरी केली, ती मला दारात उभी करत नाही. आणि मधे घाट आहे. या पोटानिशी घाट चढले तर हे बाळही..." पुढचं तिने खळीतच घोटून टाकलं.

आता माझा स्वभाव असा, की भुताची गोष्ट ऐकली की मी आधी उंदीर शोधतो. बऱ्याच घरी उंदीरच सापडला आहे. एका घरी तर जावईच सापडला होता. म्हणून मी म्हटलं, "मी स्वतः कागद लावून देतो. माझ्या हातच्या कागदाला उंदीरसुद्धा मान देतो."

त्या खोलीच्या दाराला दोन झडपा. आम्ही दोन्ही बिजागरीतून काढून अंगणात आणल्या. पहिलीचा जुना कागद आक्काने पाणी मारून एकटीने, घाईघाईने ओरबाडून काढला. एवढ्यात कुंपणापाशी शेजारची दोन-तीन पोरं जमली. आमच्याकडे तो दिवस पोरांचा. वर्षभर दाराला बोट लावलं तर पाठीत धपाटा, पण कागद बदलायच्या दिवशी जुना कागद त्यांचा. हवी तेवढी भोकं पाडा, लाथा मारा, डोकं घाला. कागद फुटताना जो पॉक आवाज येतो ना, त्यासाठी पोरं वर्षभर वाट बघतात.

"आज्जी, आम्ही पाडू भोकं?"

"निघा इथून!" आक्का अशी ओरडली, की पोरंच काय, कोंबड्याही पळाल्या.

मी जाळीला खळ लावली, दुहेरी कागद ताणून बसवला, तोंडात पाणी घेऊन वरून फवारा मारला. वाळताना असा कागद ढोलकीसारखा ताठ होतो. मग ती झडप कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवली. कागदाची बाजू भिंतीकडे, लाकडी जाळी आमच्याकडे. ओल्या कागदावर थेट ऊन पडलं तर तो तडकतो. दुसरी झडप अजून तशीच होती, जुन्या पिवळट कागदाची. कडीजवळ मल-रेने गेल्या वर्षी कॉसमॉसची फुलं कागदाच्या दोन पदरांत घालून चिकटवली होती, त्यांचा रंग अजून टिकून होता. खळ संपली होती, म्हणून मल-रे नवी शिजवत होती. आक्का मिरच्या उलथत होती. मी ओट्यावर टेकलो.

दुपारचं स्वच्छ ऊन होतं. चतुर उडत होते. वारा अजिबात नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक वाऱ्याचं नाव घेतात.

आधी मला एक ओला डाग दिसला. कागद सगळीकडून पांढरा होत चालला होता, आणि खालच्या बाजूला, एका चौकटीत, एक ठिपका मात्र काळपट होत होता. पैशाएवढा, गोल. कुणी बोट तोंडात घालून ओलं करावं आणि कागदाला लावावं तसा. मला वाटलं, खळीची गाठ राहिली असेल. मी उठून जवळ गेलो.

ठिपका आमच्या बाजूला फुगायला लागला.

हळूहळू... अगदी जपून... कागदाला टोक आलं. त्या टोकावर, ओल्या कागदाआडून, मला नखाचा आकार दिसला. एवढंसं नख. झडपेच्या मागे भिंत होती, मातीची, सलग. दोन्हींच्या मधे वीतभरही जागा नव्हती. मी वाकून पाहिलं. मागे काही नव्हतं... फक्त एक वास आला. तापातल्या पोराच्या डोक्याला येतो ना, आंबूस, गरम, तसा.

पॉक.

मिरच्यांचं सुपडं आक्काच्या हातातून पडलं. ती पाहत होती. मल-रेही चुलीपाशी उभी राहून पाहत होती. त्या भोकात काहीच नव्हतं, नुसता अंधार. भर उन्हात एवढुसा अंधार.

"सूनबाई," आक्का म्हणाली, आवाज अगदी सपाट, "कपडे बांध. ऊन आहे तोवर घाट ओलांडशील. कागदवाले भाऊ सोबत येतील."

मल-रे हलली नाही. गरीब पोर, सासूपुढे कधी मान वर न करणारी. पण त्या दिवशी तिने केली.

"जाईन. पण कोण आहे ते आधी सांगा. तुम्ही ओळखता त्याला. नुसतं भूत असतं तर मांत्रिकीण बोलावली असतीत. तुम्ही कधीच बोलावली नाही, आई."

आक्का मिरच्यांच्या चटईच्या कडेला मटकन बसली.

"गोप-दान," ती म्हणाली. "माझी पहिली. गी-तेकच्या आधीची. त्यालाही माहीत नाही. पाच वर्षांची होती. गोवर आला. वारा लागू द्यायचा नाही, उजेड लागू द्यायचा नाही, म्हणून तिला त्या खोलीत कोंडून ठेवली. बाहेर हाच मोसम. शेजारची पोरं जुन्या कागदाला भोकं पाडत होती, आवाज येत होता. ती रडायची, मलाही पाडायचीत. बोट थुंकीने ओलं करून दाराला लावायची, आणि मी तिच्या हातावर चापट मारायची. म्हटलं, बरी हो, आपला कागद बदलायचा दिवस येऊ दे... तेव्हा अख्खं दार तुझं. एक शब्द बोलणार नाही."

"मग?"

"मग काय. तो दिवस आला तेव्हा ती नव्हती."

खळ करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी उठलं नाही.

"तेव्हापासून मी लावते आणि ती फाडते," आक्का म्हणाली. "माझ्यावर रागावलीय. म्हणूनच तुझं बाळ..."

"आई," मल-रे मधेच म्हणाली. ती विचार करत होती, कपाळाला आठी घालून. "तुम्ही तिला काय कबूल केलं होतं? जुना कागद ना?"

"हो."

"आणि दरवर्षी जुना कागद तुम्हीच काढून टाकता. पहाटे, एकट्या, पाणी मारून. दुसऱ्या पोरांनाही हात लावू देत नाही. मग तिच्या वाटणीला काय उरतं? नवाच ना? ती रागावलेली नाही हो. तिची पाळी अजून आलेलीच नाही."

मी धंद्यात मुरलेला माणूस. कुणाला काय हवंय ते तोंडावरून ओळखायचं, हीच माझी विद्या. आणि या एकाच घरात इतकी वर्षं येऊन मला जे कळलं नव्हतं, ते या पोरीला खळ ढवळता ढवळता कळलं.

दुसरी झडप अजून जुन्या कागदाचीच होती. मी ती उचलली आणि अंगणाच्या मधोमध दोन रांजणांना टेकवून उभी केली. मल-रे म्हणाली, "पोरं आपल्यासमोर लाजतात. तोंडं फिरवून बसू या." आम्ही तिघं ओट्यावर अंगणाकडे पाठ करून बसलो.

"हाक तुम्हालाच मारावी लागेल, आई."

आक्काचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. ते नाव तिने किती वर्षांत उच्चारलं नव्हतं कोण जाणे. शेवटी खाकरून, चारचौघी आया मारतात तशी, जराशी खेकसूनच तिने हाक मारली. "गोप-दान! ए पोरी! ये लवकर, तुझं दार काढून ठेवलंय. खळ गार होतेय माझी!"

काहीच झालं नाही. एक कोंबडी कुठेतरी कुरकुरली. माझ्या मानेवर ऊन होतं, तरी मानेखाली काटा होता.

पॉक.

आक्काने माझं मनगट पकडलं.

थोडा वेळ शांतता. पोर चोरून मागे बघतं, कुणी रागावतंय का, तेवढी. मग पुन्हा, पॉक. मग दोन लागोपाठ. आणि मग जे सुरू झालं... पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. पॉक पॉक पॉक, वर, खाली, कागद टराटर फाटतोय, जाळी खडखडतेय, मधेच पाय आपटल्यासारखा धप्प आवाज. मी भीतीने गोठलो होतो, खोटं कशाला सांगू. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. पण माझ्या शेजारी आक्का हसत होती. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती गुडघ्यावर हात आपटत म्हणत होती, "पाड, पाड! वरचं राहिलं बघ! अगं, खालचंही पाड की, आळशी कुठली!"

थांबलं तेव्हा आम्ही वळलो.

जाळी उघडी पडली होती. सगळीकडे कागदाच्या चिंध्या. फक्त कडीजवळचा फुलांचा तेवढा तुकडा जागच्या जागी होता. त्याला नखसुद्धा लागलं नव्हतं. मल-रेने त्यावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

आक्का डोळे पुसून उठली. "बघता काय? खळ करपली. सूनबाई, नवी टाक. आणि भाऊ, तो जाड कागद परत घ्या. पातळ द्या, उजेड येईल असा. आणि त्याच भावात द्या."

"पातळ महाग असतो, आक्का."

"भूत दाखवलं फुकटात, त्याचे पैसे मागितले का मी तुमच्याकडे?"

दोन्ही झडपा आम्ही नव्याने मढवल्या. रात्री मी खालच्या घरी उतरलो. सकाळी येऊन पाहिलं, तर कागद ढोलकीसारखा ताठ, कुठे सुईएवढंही छिद्र नाही. मल-रे त्याच खोलीत झोपली होती आणि उन्हं वर आली तरी घोरत होती.

हिवाळ्यात तिकडून जाताना दारावर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या बांधलेली गवताची दोरी दिसली. म्हणजे मुलगी झाली होती; मुलगा असता तर दोरीत लाल मिरच्या असत्या. दोरी असताना आत जायचं नसतं, म्हणून मी बाहेरूनच ओरडलो, "बाळंतीण कशी आहे?" आतून आक्काचा आवाज आला, "खातेय माझ्या डोक्याएवढं!" मी रस्ताभर हसत गेलो.

पोर शंभर दिवसांची झाली, आमच्याकडे तो दिवस साजरा करतात, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. बर्फ वितळत होता. आक्काने तांदळाच्या पांढऱ्या वड्या हातावर ठेवल्या, भाताच्या खरपुडीचं गरम पाणी दिलं. गी-तेक सुट्टीवर आला होता, लाकडं फोडत होता. मल-रे अंगणात धुणं वाळत घालत होती. सगळी माणसं उन्हात, डोळ्यांसमोर. बाळाला आतल्या खोलीत निजवलं होतं.

आतून गुणगुण ऐकू येत होती.

मी आधी कागदाची म्हणूनच सोडून दिली. दाराच्या कडेला आम्ही कागदाची पट्टी मोकळी सोडतो, फट झाकायला. वारा आला की ती गुणगुणते. जन्मभर ऐकलाय तो आवाज. पण चुलीचा धूर सरळ वर चालला होता, दोरीवरचं धुणं हलत नव्हतं. आणि पट्टीला शब्द येत नाहीत. ही अंगाई होती, आणि म्हणणाऱ्याला ती नीट पाठ नव्हती. एका ओळीशी अडखळून पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या हातातली वडी तशीच राहिली. मी आक्काकडे पाहिलं.

तिने तांदूळ निवडताना मानही वर केली नाही. "सूनबाई," ती म्हणाली, "गोप-दानला सांग, हळू म्हण. पोर आत्ताच झोपलंय."

मल-रेने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले, दाराजवळ गेली आणि मोठ्या नणंदेला सांगावं तसं, अदबीने सांगितलं.

आवाज खरंच हळू झाला.