बेलाला तांब्याभर पाणी

“आधी दिलंय काय ते लिही. मग विचारलंय काय. आणि माणिक, मधली पायरी गाळू नकोस गं!”

शुभाताईंचा आवाज आठवला आणि माणिकनं हातातला तांब्या खाली ठेवला. घाटकोपरच्या त्या चाळीतल्या सगळ्या मुलांना गणित शिकवणाऱ्या शुभाताई सुट्टी लागायच्या तोंडावर गेल्या. जाण्याआधी त्यांनी माणिकचा हात धरून एवढंच मागितलं होतं, “माझ्या बेलाला रोज पाणी घाल.” माणिक ‘हो’ म्हणाली होती.

आणि आता अंगणातला तो बेल वाळत होता!

“एक थेंब घालायचा नाही!” शुभाताईंचे भाऊ अनंतकाका गरजले. चाळीच्या पाण्याचं तेच बघत. “सकाळी भरलेली टाकी दुपारी ठणठणीत कोरडी! त्या झाडापायी चाळीची वाट लागलीय!”

ते गेल्यावर माणिकचा मित्र लवू फणफणला, “तांब्याभर पाण्यानं टाकी रिकामी होते? काकांक गणित शिकवूक होया!”

“मग शिकवूया,” माणिक म्हणाली. “दिलंय काय?”

“टाकी! ऐंशी बादल्यांची!” तिची मैत्रीण शकु म्हणाली.

“आणि विचारलंय, पाणी जातं कुठं!” लवू ओरडला.

रविवारी तिघांनी दारोदार फिरून, हातापाया पडून, प्रत्येक घरातला नळ स्वतः बंद केला. भरलेल्या टाकीत लवूनं काठी बुडवली. तासाभरानं पुन्हा बुडवली.

“अरे बापरे! पाव टाकी गेली!”

“ऐंशीचा पाव वीस,” माणिक पुटपुटली. “साठ मिनिटांत वीस बादल्या. म्हणजे तीन मिनिटांत एक.”

“सापडलं! टाकी फुटलीय!”

“पायरी गाळतोयस, लवू!”

टाकी खालून कोरडी होती. शकुनं नळाखाली बादली ठेवली. पुरता सोडल्यावर ती बघता बघता भरली. अर्धा सोडला, तर बरोबर तीन मिनिटं!

“म्हणजे कुठंतरी एक नळ अर्धा उघडा आहे,” शकु म्हणाली. “पण सगळ्या खोल्या तर झाल्या!”

माणिकनं जिन्याकडं बघितलं. एक खोली राहिली होती. शुभाताईंची, कुलूप लावलेली.

“त्या खोलीत कोण नळ सोडणार? वेड लागलंय काय!” अनंतकाका ओरडले. पण माणिक दारातून हललीच नाही. शेवटी काकाच किल्ली घेऊन आले. त्यांनी कुलूप काढलं.

मोरीतला नळ वाहत होता. पाणी गाळायला शुभाताईंनी तोटीला बांधलेलं पांढरं फडकं अजून तसंच होतं, फरशीपर्यंत लोंबणारं. त्यावरून पाणी जराही आवाज न करता उतरत होतं.

काका उंबऱ्यातच बसले. “तेराव्याला... कुलूप लावायच्या आधी हात धुवायला फिरवला होता. टाकी धुवायला काढलेली. पाणी आलंच नाही. मी तसाच... नंतर आत यायचा धीरच झाला नाही रे!”

चाळभर बातमी पसरली. “झकास, पोरांनो!” म्हणत कुंदाकाकूंनी पन्हं आणलं. काकांनी माणिकच्या डोक्यावर हात ठेवला. “शुभानं तुला पैकीच्या पैकी दिले असते.”

माणिक पेला तसाच धरून कठड्याशी गेली. अंगणात बेलाची शेवटची पानंही गळून पडली होती.

“मेलाय तो,” शकु हळूच म्हणाली.

“असेल,” माणिक म्हणाली.

तिनं पेला ठेवला. शुभाताईंच्या मोरीत जाऊन त्याच फडक्याखाली तांब्या भरला, नळ घट्ट बंद केला आणि तांब्यावर हात धरून ती जिना उतरू लागली.