रिकाम्या व्हरांड्यातला खोकला

हे घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते बाळासाहेब आजही सांगलीत आहेत, आणि बाता मारणाऱ्यांतले ते नव्हेत.

यात रात्र नाही, अमावास्या नाही. मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे पावणेतीन. जागा नेदरलँड्समधली, नायमेखन शहराच्या बाहेर, रानाला लागून.

बाळासाहेबांनी सांगलीकडच्या एका टीबी हॉस्पिटलात छत्तीस वर्षं ब्रदर म्हणून नोकरी केली. नुसता खोकला ऐकून ते सांगायचे, हा पेशंट सुधारतोय, तो नाही. डॉक्टरसुद्धा त्यांचं ऐकायचे.

थंडीचे तीन महिने ते मुलीकडे, सुनीतीकडे आले होते. ती चिप बनवणाऱ्या कंपनीत. सकाळी सायकलवर टांग टाकून गेली की संध्याकाळीच यायची. दुपारी बाळासाहेब एकटेच फिरायला निघायचे.

रस्त्याच्या टोकाला एक जुनी, लांबलचक इमारत होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दक्षिणेकडे तोंड केलेला व्हरांडा, आणि त्यावर उघडणारी भलीमोठी रुंद दारं.

बाळासाहेब पहिल्याच दिवशी थबकले.

इतकी रुंद दारं एकाच कामासाठी करतात. पेशंटसकट खाटा बाहेर ढकलता याव्यात म्हणून.

"सुनी, तो टीबीचा दवाखाना आहे ना गं?"

"होता, बाबा. तुम्हाला कुणी सांगितलं?" सुनीती म्हणाली. "ज्यू लोकांनी धर्मादाय बांधला होता. ॲमस्टरडॅमच्या गरीब कामगारांसाठी. शिंपी, सिगार वळणारे... आता कित्येक वर्षं रिकामा पडलाय. नगरपालिका तिथे फ्लॅट करणार म्हणे."

"रिकामा?"

"अगदी रिकामा."

बाळासाहेबांना ते पटेना.

कारण त्या दुपारी त्यांनी तिथे खोकला ऐकला होता...

एकाचा नाही.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम गेले. फाटकापाशी उभे राहिले. व्हरांड्यात वाळकी पानं होती. बाकी काही नाही.

आणि तरी...

डावीकडून एक कोरडा ठसका. मग एका बाईचा, तोंडावर रुमाल धरून दाबलेला. आणि अगदी कोपऱ्यातून एक... ओला, खोल, छाती खरवडून काढणारा.

हा खोकला बाळासाहेबांच्या ओळखीचा होता. अशा पेशंटच्या तोंडातून कधीही रक्त येतं. त्याला जागचं हलवायचंसुद्धा नसतं.

ते रोज जाऊ लागले. भीती वाटली नाही, असं ते सांगतात. हातून सवयीनं राउंडच होत होता म्हणा ना. त्यांनी मोजले. सतरा पेशंट. दुपारच्या विश्रांतीला बाहेर आणून ठेवलेले. सोळा जणांचं बरं चाललं होतं. कोपऱ्यातल्याचं दिवसेंदिवस बिघडत होतं.

आणि त्याच्याजवळ जायला वाट नव्हती.

सुनीतीला सांगितलं तेव्हा तिचा चेहराच उतरला. "बाबा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ या. एकदा कान तपासून घेऊ."

"कान ठणठणीत आहेत माझे."

मग तो मंगळवार उजाडला.

बाळासाहेब फाटकापाशी पोचले, आणि...

काहीच नाही.

एकही खोकला नाही. सतरा माणसं एकदम खोकायची थांबत नाहीत. सगळ्यांनी श्वास रोखून धरला असेल, तरच...

दारं उघडल्याचा आवाज आला.

समोरची दारं तर बंद होती. फळ्या जागच्या हलल्या नाहीत.

लोखंडी चाकं फरशीवरून घरंगळली. मग खडीवरून करकरत निघाली. समोर खडी नव्हती. नुसतं गवत आणि चिखल.

खोकला पुन्हा सुरू झाला. पण आता तो पुढे सरकत होता. फाटकाकडे येत होता. एकेक करून बाळासाहेबांच्या जवळून रस्त्यावर जात होता.

चौदा... पंधरा... सोळा...

शेवटी कोपऱ्यातला आला.

"याला हलवू नका!" बाळासाहेब मराठीतच ओरडले. "अरे, रक्त पडेल त्याचं! खाट थांबवा! मरेल तो माणूस!"

चाकं थांबली नाहीत.

आणि कुणीतरी त्यांचं मनगट धरलं.

दिसलं काहीच नाही. हाडकुळी बोटं... तापानं फणफणलेली. बाळासाहेबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बोटांखाली नाडी लागली. एकशे तीसच्या पुढे.

मग ती बोटं सुटू लागली. एक... मग दुसरं...

त्यांच्या हातात नुसती गार हवा उरली.

फाटकासमोरच्या घरात त्रूस नावाच्या बाई राहतात. सत्तरीच्या. चिखलात बसलेल्या बाळासाहेबांना त्यांनीच आधार देऊन घरात नेलं आणि सुनीतीला फोन केला. सुनीती धावत आली. बाळासाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "इथले पेशंट कुठे गेले, विचार यांना."

त्रूसबाई सांगत गेल्या. सुनीती मराठीत सांगत गेली, आणि तिचा आवाज खाली खाली गेला.

"त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीत जर्मन ट्रक आले, बाबा. खाटांवरच्यांनासुद्धा नेलं. नर्सही बरोबर गेल्या. पुढे आगगाडीनं पूर्वेकडच्या छळछावण्यांत... परत कुणी आलं नाही."

"कुणी अडवलं नाही?"

त्रूसबाईंनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग काहीतरी बोलल्या. सुनीतीनं त्यांना तेच पुन्हा विचारलं.

"काय म्हणाल्या?"

"यांची आई तेव्हा सोळा वर्षांची होती. याच खिडकीच्या पडद्याआड उभी होती." सुनीतीनं खिडकीकडे पाहिलं. "ती सांगायची, सगळं गाव गप्प होतं. फक्त फाटकापाशी एक म्हातारा ओरडत होता. पण कुठली भाषा ते कुणालाच कळलं नाही... आणि पुन्हा तो कधी दिसला नाही."

बाळासाहेब पुढच्याच आठवड्यात सांगलीला परतले. सुनीतीनंही ते घर सोडलं. त्या दुपारचा विषय दोघंही काढत नाहीत.

एकदाच निघाला होता. फोनवर. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि बाळासाहेब मध्येच थांबले.

"सुनी... मी धरला होता गं तो हात. घट्ट धरला होता. त्यांनी ओढून नेला... का मीच सोडला?"



फोन दोघांनीही ठेवला नाही. कितीतरी वेळ.