आतल्या खोलीची कडी

मोबाइलवरचा वर्ग सुरू व्हायच्या आधी भिंगरीला आतल्या खोलीत घालायचं आणि बाहेरून कडी लावायची, हा थोरलीचा आता शिरस्ताच झाला होता. धाकट्या बहिणीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. मागे ऐन तोंडी परीक्षेत तिने थोरलीच्या हातातला मोबाइल हिसकावला आणि वर्गाला आपला पडलेला दात दाखवला. पोरं खो खो हसली, थोरलीची बोबडी वळली आणि गुण गेले ते गेलेच. दवाखान्यात परिचारिका असलेली आई घाईघाईत चपला घालताना एवढंच म्हणाली, "तू मोठी आहेस ना? मग सांभाळ तिला." थोरलीने सांभाळण्याची ही सोपी वाट शोधली. आईला या कडीचा पत्ता नव्हता.

आत खेळणी होती, पाण्याची बाटली होती, खिडकीला गज होते. भिंगरी थोडा वेळ दार वाजवायची, मग गप्प व्हायची. ती गप्प झाली की थोरलीला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटायची.

इतिहासाच्या बाई वर्षाच्या मध्येच नव्याने आल्या होत्या. त्यांनी स्वतःचा कॅमेरा कधी लावला नाही, मुलांनाही लावू दिला नाही. "चेहरे काय करायचेत? कान द्या," म्हणायच्या. आवाज कोरडा, कसली घाई नसलेला. वाळूखाली गेलेलं एक प्राचीन शहर त्या शिकवत, आणि तेही राजे आणि लढाया बाजूला ठेवून. अंधारात भिंतीवरून हात फिरवत जावं तशा त्या रोज एकेका घरात शिरायच्या. सनावळ्या पाठ करून विटलेल्या थोरलीला हा तास मनापासून आवडायचा.

"आजचं घर लहान आहे," बाई म्हणाल्या. "एकात एक दोन खोल्या. उंबऱ्याजवळची जमीन थोडी खचलेली. डाव्या हाताला पाणी ठेवायची जागा."

थोरलीने डावीकडे पाहिलं. तिथे पाण्याचं पिंप होतं. लहान घरं सगळीकडे सारखीच असतात, तिने स्वतःला समजावलं.

"आतल्या दाराच्या वर एक भेग आहे. छतापासून निघून मध्येच वळलेली. कोणीतरी ती लिंपायचा प्रयत्न केलाय, पण अर्ध्यावर सोडून दिलाय."

ती भेग बाबांनी लिंपायला घेतली होती. सिमेंट संपलं, मग हुरूपही संपला.

"आणि खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोळशाने मासा काढलाय. लहान हाताचं काम आहे. शेपटी डोक्यापेक्षा मोठी."

भिंगरीचा मासा पेन्सिलीचा होता. बाकी तस्साच. थोरलीला बसवेना, आणि तास सोडून उठवेना.

वर्गातल्या एका शंकेखोर पोराने विचारलं, "बाई, हे पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकात अजून यायचंय," बाई म्हणाल्या. "आतलं दार बाहेरून बंद होतं. ते फोडल्यावर दाराला टेकलेला एका मुलीचा सांगाडा मिळाला. तिचे दुधाचे दातही सगळे पडले नव्हते. दाराला आतून, खालच्या बाजूला, ओरखडे होते."

आज भिंगरीने दार वाजवलंच नव्हतं.

हे लक्षात आलं आणि थोरली मोबाइल भिंतीला टेकवून धावली. कडी सरकेना. तिने चपलेने ठोकली, तशी खोबणीतून बारीक वाळू गळली. दार उघडलं आणि दाराला टेकलेली भिंगरी तिच्या पायांवर कलंडली.

अंग गरम होतं. श्वास चालू होता. तिने डोळे चोळले.

"ताई, मी केव्हाची हाका मारतेय."

"मला ऐकूच नाही आलं गं."

"खूप खूप दिवस मारतेय."

थोरलीला रडू फुटलं. पुन्हा कधी नाही, आईशप्पथ कधी नाही, असं ती पुटपुटत राहिली. भिंगरीला उचलून तिने बाहेर आणलं, मांडी घातली आणि तिला घट्ट धरून मोबाइलसमोर बसली. हजेरी तरी बुडायला नको होती.

बाईंचा आवाज थांबलेला नव्हता.

"एक दुरुस्ती करून घ्या," त्या म्हणाल्या. "आतली खोली रिकामी होती. दार उघडं होतं."

थोरलीने भिंगरीला आणखी जवळ ओढलं.

"सांगाडे बाहेरच्या खोलीत मिळाले. दोन. मोठीच्या मांडीवर धाकटी."

भिंगरी आज अगदी हलत नव्हती.

"दोघींसमोर एक चपटी, काळी वस्तू भिंतीला टेकवलेली होती. ती कशासाठी, ते कळलेलं नाही."

थोरलीने उठायला पाहिलं. पायांना मुंग्या आल्या होत्या.

शंकेखोर पोराने विचारलं, "बाई, दार उघडं होतं, तर मग त्या बाहेर का नाही पडल्या?"



"ऐकत बसल्या होत्या," बाई म्हणाल्या. "तास संपायचा होता ना."