हाताने बाहेर काढलेली गाडी

घरी निघायची वेळ झाली की नेमकी एक गाडी आत राहते. रामनगरच्या मालधक्क्यावर काम केलेल्या कुणालाही विचारा. फाटकावरचा कारकून सुमंत, त्याची त्या दिवशी सलग दुसरी पाळी होती. बदलीचा उल्हास तापाने फणफणला होता, आणि साहेबांनी "आज जरा सांभाळून घ्या" म्हणून फोन ठेवला होता. सांभाळून घ्या म्हणे! बावन्न वर्षांच्या माणसाची कंबर काय लोखंडाची असते?

काम तसं साधं. प्रत्येक ट्रकच्या काचेवर एक चिप चिकटवलेली असते. ट्रक फाटकाखालून आला की वरचं यंत्र ती वाचतं आणि पडद्यावर 'आत' उमटतं; गेला की 'बाहेर'. आतला आकडा शून्य झाल्याशिवाय पाळी संपत नाही.

जानेवारीतले संध्याकाळचे सव्वासहा. धुकं असं की चार पावलांवरचा वजनकाटा दिसेना. आणि पडद्यावर आकडा एक.

गाडी रामजतनची होती. साडेपाचला सिमेंट घेऊन आत शिरताना खिडकीतून हात हलवून तो सुमंतला नेहमीसारखं "पाँय लागी, पंडितजी", पाया पडतो, म्हणाला होता.

"सुमंतराव, यार्डात चिटपाखरू नाही," म्हातारा पहारेकरी बाळू म्हणाला. "दोन चकरा मारून आलो. बंद करा आता."

सुमंतने चिप शोधायचं हातात धरायचं छोटं यंत्र घेतलं. चिप जवळ आली की ते वाजतं, जितकी जवळ तितकं भराभर. तो धुक्यात चालू लागला. टिक... टिक... ओल्या गोण्यांचा आणि डिझेलचा वास नाकात बसला होता. पाय शिशाचे झाले होते. टिकटिक दाट होत गेली, आणि धक्क्याच्या अगदी कडेला तर यंत्राने सलग सूर धरला.

समोर काहीच नव्हतं. खाली गंगा होती, पण तीही दिसत नव्हती. भिंतीवर पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

थंडीत दवाने गोंद सुटतो, चिप गळून पडते, आठवड्यातून दोनदा तरी. मग कारकून अशी गाडी 'हाताने बाहेर काढतात', म्हणजे फाटकातून गेली असं स्वतःच टंकतात. तेच झालं असणार. नाहीतर साहेबांना फोन, पोलीस, पाणबुडे, पंचनामा... रात्रीचे दहा वाजले असते. थकलेल्या माणसाला देव नको असतो आणि भूतही नको असतं, त्याला अंथरूण हवं असतं. त्याने परत येऊन टंकलं. बाहेर, सहा चाळीस.

"गेला तो," सुमंत म्हणाला.

"बघितलात तुम्ही?"

"गेला म्हणतो ना!"

घरी जाऊन दोन घास पोटात ढकलून तो मेल्यासारखा झोपला.

त्याच रात्री आठला ट्रकमालकाचा फोन आला, तेव्हा रात्रपाळीच्या माणसाने पडदा बघून सांगितलं, गाडी कधीच निघाली. म्हणून सगळे दोन दिवस हमरस्ता धुंडाळत राहिले. तिसऱ्या दिवशी ट्रक धक्क्याच्या पायाशीच सापडला, वीस हात पाण्याखाली. केबिनमध्ये हवा अडकली होती. डॉक्टर म्हणाले, रामजतन आत तास-दीड तास जिवंत असावा. दोन्ही हातांच्या मुठी फुटल्या होत्या.

सुमंतने हिशोब केला: साडेपाच आणि दीड तास म्हणजे सात, आणि त्याने 'बाहेर' टंकलं होतं सहा चाळीसला.

"मला ऐकू आलं होतं, साहेब," त्याने चौकशीच्या इंजिनिअरला सांगितलं. "यंत्र वाजत होतं. मी तिथेच उभा होतो."

"शक्य नाही. हातभर पाण्यातूनसुद्धा या चिपची लहर येत नाही."

"मग वाजलं ते काय?"

इंजिनिअरने कागदावर 'यंत्रातील बिघाड' लिहिलं आणि त्याला घरी जायला सांगितलं. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दिवेलागणीला तो दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरी पोचला. त्यांची गल्ली म्हणजे समोरून सांड आला तर माणसाने कुणाच्या तरी दारात चढावं एवढीच. वरच्या खोलीत तो कपडेही न बदलता पडला.

"अहो..." गीता कणीक मळता मळता थांबली. "खाली ट्रकचा हॉर्न वाजतोय का हो?"

सुमंत उठून बसला. हॉर्न खरंच वाजत होता. मध्येच दम घेत, जणू वाजवणाराही दमला होता.

"या गल्लीत ट्रक?" गीता हात पुसत खिडकीकडे निघाली.

"तू राहू दे. मी बघून येतो."

त्या संध्याकाळी जे केलं नव्हतं, ते निदान आज करावं. तो जिना उतरला आणि त्याने कडी काढली. हॉर्न थांबला. गल्ली रिकामी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं धुकं. त्याचा जीव भांड्यात पडला. उंबरा ओलांडून बघावं म्हणून त्याने पाय उचलला.

वरून, खिडकीतून, गीताचा दबका आवाज आला.

"अहो, मागे व्हा ना... गाडी तुमच्या समोरच तर उभी आहे."